साठाच्या अलीकडं

चिंचोक्याच्या एका अंगाची साल निघालेली होती, आतला पांढरट गर दिसत होता, आणि शामला तो अंगठ्यानं नुसता घासत राहिली – टेबलाला टेकून उभी, ओंजळ चिंचोक्यांनी अर्धी भरलेली, समोर फरशीवर तिसरीची पोरं गोल करून बसलेली आणि सगळ्यांचे डोळे त्या ओंजळीवर. फेकले की विखुरतील. विखुरले की ही मोजायला धावतील. नुसतं बघायचं यांना जमतच नाही. बघायचं म्हणजे मोजायचं, मोजायचं म्हणजे बरोबर यायचं, आणि बरोबर आलं नाही तर... कुणीतरी कधीतरी हाणलेलं असतंच. घरी, नाहीतर इथं.

तिनं फेकले.

"मोजायचं नाही हं. बघा आणि अंदाज सांगा."

"तेवीस!" सोमेश ओरडला. त्याचं बोट मांडीवर अजून चालत होतं.

"अंदाज म्हटलं मी."

"मग वीस घ्या," तो म्हणाला, भाजीवाल्यानं भाव पाडावा तसा, आणि पोरं खिदळली.

ही यांची चोरी. पाटीवर बेरजेचा अंदाज लिहायला सांगितला तरी हेच – आधी मांडीवर, चड्डीच्या नाहीतर परकराच्या कापडावर नखानं खरी बेरीज करून घ्यायची, हातचा बिनचूक धरायचा, मग त्या खऱ्या उत्तराला जवळच्या दशकाची टोपी घालून पाटीवर मांडायचं. अंदाज म्हणून. एवढा आटापिटा कशासाठी, तर चुकायला नको म्हणून. शामलाला हसू यायचं आणि मग विरायचं, कारण ही चोरी तिलाही लहानपणापासून ठाऊक होती. तुळजापूरच्या घरात, ओसरीवर, वडील दिडकी-अडीचकीचे पाढे घ्यायचे आणि ती एकदा, एकदाच, "अंदाजे शंभर" म्हणाली होती. भिंतीला चुना अंदाजे लावतात, म्हणाले होते ते. रागावलेही नव्हते. पट्टी उचलली होती फक्त, सावकाश.

"तू सांग, निकिता."

निकिता चिंचोक्यांकडे बघत नव्हतीच आता. एकदा बघून झालं होतं. खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "विसाच्या वर. पर पंचविसाला जाईना."

हा आवाज. या आवाजासाठी शामलानं हे वर्ष घालवलं होतं असं म्हटलं तरी चालेल. दुसरीचं अख्खं वर्ष ही पोरगी बोलली नव्हती. मुकी नाही, बहिरी नाही. घरी बोलायची, शेळीशी बोलायची, शाळेच्या उंबऱ्यात आली की गप्प. आधीचे सर बदलून जाताना सांगून गेले, मंद आहे, नादी लागू नका. आणि मग पावसाळ्यानंतर कधीतरी, असेच चिंचोके पसरलेले असताना, शामला वैतागून सगळ्यांना म्हणाली होती – अरे, अंदाजाला चूक नसते! जवळ असतं नाहीतर लांब असतं. चूक नाही! – आणि कोपऱ्यातून खरखरीत, न वापरलेल्या कडीसारखा आवाज आला होता: "तिसाच्या आसपास."

तेव्हापासून बोलते. फक्त अंदाजाच्या तासाला. मराठीच्या तासाला अजून गप्पच, पण येईल, इथून तिथं येईल, एक दार उघडलंय... शामला असं स्वतःला सांगायची. मी माझा शब्द दिलाय तिला. चूक नसते, असा.

बाहेर मोटारसायकल थांबली. कल्याणप्पा साहेब. केंद्रप्रमुख म्हणजे या भागातल्या सगळ्या शाळांवरचे साहेब. माणूस वाईट नाही, पोट पुढं, कपाळाला भस्म, आल्या आल्या माठातलं पाणी स्वतः घेऊन पिणारा. आज चाचणी होती. पोरांनी पाटीवर उत्तर लिहायचं, साहेबांनी एकेकाचं उत्तर मोबाईलमध्ये भरायचं, मोबाईलनं हिरवं नाहीतर लाल दाखवायचं.

दोनच गणितं. चौतीस अधिक तेवीस, अंदाजे किती. चौऱ्याहत्तर वजा छत्तीस, अंदाजे किती.

लाल. लाल. सोमेश लाल. पुढची लाल. साहेबांचं बोट थबकत थबकत चाललं होतं आणि शामला त्यांच्या खांद्यावरून बघत होती. पोरांनी मांडीवर सत्तावन्न काढून साठ लिहिलं होतं, अडतीस काढून चाळीस. निकितानं लिहिलं होतं – ६० च्या अलीकडं. ४० च्या अलीकडं. अक्षर तिरपं, पण काय लिहिलंय! शामलाच्या अंगावर काटा आला. लाल.

"बाई, जरा भाईर या."

व्हरांड्यात साहेबांनी मोबाईल तिच्यापुढं धरला. "ह्याला पन्नास पायजे. आन वजाबाकीला तीस. तुम्ही पद्धत शिकवली न्हाई का? चौतिसाचे तीस, तेविसाचे वीस, झाले पन्नास. चौऱ्याहत्तराचे सत्तर, छत्तिसाचे चाळीस, ऱ्हायले तीस."

"साहेब, खरं उत्तर सत्तावन्न आहे."

"मग?"

"मग साठ जवळचं की पन्नास?"

"मला कळत न्हाई व्हय?" साहेब चिडले नाहीत, उलट आवाज खाली आणला. "मला काय वरच्यांनी इचारून केलंय का, बाई? साठ भरलं की लाल. अख्खा वर्ग लाल गेला तर शाळा मागं पडली म्हणून वर दिसतंय. आधीच पट कमी. ही शाळा बंद करून पोरं हायवेपल्याडच्या शाळेत घालायला टपूनच बसल्यात वरचे सगळे. त्या लहान पोरी येतील का तिकडं चालत?" मग, दुसरीकडे बघत, "अजून पाठवलं न्हाई म्या. चहा घेतो तवर. पाट्या पुसून पुन्हा लिहून घ्या."

ज्यानं ही उत्तरं ठरवली तो कुठल्या खुर्चीत बसला असेल... त्यानं कधी पाहुण्यांसाठी भाकरीचं पीठ काढलं नसेल का, कधी पोराच्या उंचीचं कापड डोळ्यानं मापलं नसेल? पद्धत! आकडे आधी दशकावर आणायचे, मग बेरीज-वजाबाकी करायची, आणि जे येईल त्याला अंदाज म्हणायचं, मग ते खऱ्यापासून कितीही लांब पडो. अंदाज कशासाठी असतो हे ज्याला ठाऊक नाही त्यानं अंदाजाची परीक्षा काढली आणि तिची उत्तरं कुलूपबंद करून ठेवली. आणि मी? मला ठाऊक आहे. ठाऊक असून काय करणार आहे मी – साहेबांच्या हातातला मोबाईल फेकणार? हायवेपल्याड पोरींना पाठीवर घेऊन जाणार?

ती आत आली. पोरं तिचं तोंड बघत होती. पोरांना तोंड लगेच वाचता येतं.

"पाट्या पुसा. पहिल्याचं पन्नास लिहा. दुसऱ्याचं तीस."

थुंकी, मनगट, झालं. सोमेशनं विचारलंसुद्धा नाही. त्याला साठ काय, पन्नास काय, बाईंना पाहिजे ते. निकिताची पाटी तशीच.

"निकिता."

"पन्नास कसं, बाई?" ती म्हणाली. वर्गात, सगळ्यांसमोर, आपणहून विचारलेला तिचा पहिला प्रश्न. दुसऱ्या कुठल्याही दिवशी शामलानं तिला कडेवर घेतलं असतं. "चौतीस म्हंजी तीस आन जरा. तेवीस म्हंजी वीस आन जरा. जरा आन जरा मिळून लई होतंय की."

व्हरांड्यातून बशीत चहा ओतल्याचा आवाज आला.

"ते जरा सोडून द्यायचे."

"का?"

काय सांगू. तुझं बरोबर आहे, पण चूक लिही? हे आठ वर्षांच्या पोरीला सांगता येतं का... सांगता आलं असतं कदाचित. जवळ घेऊन, कानात, नंतर समजावते म्हणून. पण बशी वाजत होती, आणि शामलाच्या तोंडून जे निघालं ते तिचं नव्हतंच, ते कुठूनतरी लांबून, सावकाश उचलून आणल्यासारखं आलं:

"चूक आहे ते. पूस."

निकितानं पुसलं. रडली नाही. पन्नास लिहिलं, तीस लिहिलं, अक्षर या वेळी सरळ. साहेबांनी आत येऊन मोबाईल दाबला, हिरवं, हिरवं, "शाब्बास गं पोरी" म्हणाले, आणि गेले.

दुपारी, खिचडीची ताटं धुऊन पालथी घातल्यावर, शामला निकिताशेजारी पायरीवर बसली. समोर तारेवर पारव्यांची रांग होती.

"किती असतील गं?"

निकितानं वर बघितलं. मग – पारव्यांकडे नाही – शामलाच्या तोंडाकडे बघितलं. तिचे ओठ हलले.

"किती सांगू?"

एवढंच. त्यानंतर ती घंटेपर्यंत गप्प होती. पण उद्या बोलेल. उद्या नाहीतर परवा... शामला फाट्याकडे चालताना मनाशी हे घोकत होती आणि आपण नुसतं घोकतोय हे तिला कळत होतं. सांगू का तिला उद्या, की मीच चुकले? मग तिला कळेल, बाईपण चुकतात आणि चूक असतेच. न सांगावं, तर तिला कळेल की तीच चुकली. दोन्हीकडून तेच. कुठूनही मांडलं तरी...

फाट्यावर धाराशिवच्या गाडीसाठी तुळजाबाई उभी होती, हातात मेथीची गाठोडी. शाळेमागं राहते, बाईंना ओळखते.

"गाडी किती येळात यील वं बाई?"

शामला रोज याच गाडीनं जाते. अर्धा तास. थोडं इकडंतिकडं. उत्तर डोक्यात तयार होतं, तोंडातही आलं, आणि दातांच्या आत थांबलं.

"नेमकं नाही सांगता येत."

"नेमकं कुणाला पायजे, बया! त्या डायवरला तरी नेमकं ठावं हाय का?" तुळजाबाई हसली. "अंदाजानं सांगा की. बसावं का हुभं ऱ्हावं, तेवढंच."

म्हातारीचा चेहरा मोकळा होता. तिथं पट्टी नव्हती, मोबाईल नव्हता. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं तिला. शामलानं तोंड उघडलं. आहे माझ्याकडं उत्तर, आहे, हे बघ जिभेवर आहे... आणि उत्तर असून जीभ हलत नाही म्हणजे काय असतं ते तिला पहिल्यांदा, आतून, कळलं. एक अख्खं वर्ष. त्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून. असंच असेल का ते?

"बरं, ऱ्हाऊ द्या," म्हणून तुळजाबाईनं गाठोडी टेकवली आणि दगडावर बसली. बाजूला सरकून तिनं जागा केली.

शामला उभीच राहिली. बसण्याइतका वेळ आहे की नाही, हे तिला आता सांगता येत नव्हतं.