मृत्युशय्येची गोष्ट

फादर रेमंड तुस्कानो मूळचे वसईचे. सिंगापुरात धर्मशास्त्र शिकवत त्यांना अकरा वर्षं झाली होती. अठराव्या शतकातल्या युरोपीय बुद्धिवाद्यांना धर्माने काय उत्तर द्यावं, यावर बोलायला तिथल्या तोआ पायोह भागातल्या मराठी वाचकगटाने त्यांना बोलावलं. साठेक माणसं जमली. भाषण रंगलं.

मग संजीवनीताई उठल्या. निवृत्त अकाउंटंट, कुणालाही न बिचकणाऱ्या.

"फादर, कैद्यांचा छळ थांबवा असं ते बुद्धिवादी सांगत होते, तेव्हा तुमचं चर्च काय करत होतं?"

याचं खरं उत्तर फादरना ठाऊक होतं. पण ते लांबलचक होतं, आणि त्यात कबुली बरीच द्यावी लागली असती. सभागृह आपल्या बाजूने आहे हे त्यांना जाणवत होतं. ते हसून म्हणाले, "त्यांच्यातला सगळ्यात मोठा नास्तिक मरताना पाद्र्याला बोलवा म्हणून रडत होता. ताई, शेवटी सगळेच बोलावतात."

हशा पिकला, टाळ्या पडल्या. संजीवनीताई खाली बसल्या.

ही गोष्ट खोटी होती. तिला काडीचा पुरावा नाही, असं फादरनी स्वतःच्याच पुस्तकात लिहिलं होतं.

एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या स्टेशनपर्यंत सोडायला गटाचे निशिकांत आले. चालता चालता म्हणाले, "ताईंचे मिस्टर मार्चमध्ये गेले. कुठलाही विधी नको, असं शेवटपर्यंत म्हणत होते. ताईंनी तसंच केलं. त्यावरून सासरच्यांनी बोलणं टाकलंय."

फादरना पुढचं काही ऐकूच आलं नाही.

चार दिवस वर्गात बोलताना त्यांची जीभ अडखळत होती. पाचव्या दिवशी ते यिशुन भागात ताईंच्या फ्लॅटवर गेले. ताईंनी पाणी दिलं. फादरनी सगळं सांगितलं.

"बोलताना माहीत होतं, खोटं आहे ते?"

"हो."

"आणि आमच्या यांच्याबद्दल?"

"ते नंतर कळलं. पण त्याने काही फरक पडत नाही."

ताईंनी रिकामा ग्लास उचलला. मग म्हणाल्या, "हे मला एकटीला कशाला सांगता? हसले ते तिकडचे लोक."

पुढच्या महिन्याच्या बैठकीत फादरनी सुरुवातीलाच पाच मिनिटं मागून घेतली. "मागच्या वेळी त्या मरणाऱ्या नास्तिकाबद्दल मी तुम्हाला जाणूनबुजून खोटं सांगितलं," ते म्हणाले. "उत्तर द्यायची हिंमत नव्हती म्हणून." एवढं बोलून ते थांबले, तोच कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. "किती मोठं मन," मागून एक बाई म्हणाल्या.

"टाळ्या नकोत," फादर म्हणाले, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी संजीवनीताईंना शोधलं. त्या आल्या नव्हत्या. टाळ्या थांबेपर्यंत फादर मान खाली घालून उभे राहिले.