वहाळाच्या तोंडचा धोंडा

शंभूने धोंडा नेला तो नेला, पण विचारून नेला असता तर रुक्मिणीकाकीने त्याला एकदाच शिव्या घातल्या असत्या. न विचारता नेला, म्हणून आता रोज घालत होती. गोठ्यातलं शेण काढताना, तांदूळ निवडताना, केस विंचरताना सुद्धा.

"पंच झालो म्हणान गावचो धोंडो काय ह्येच्या घरचो झालो? बापूस तरी बरो होतो, माझो दीर. मुकाट कुदळ मारी. ह्येका कुदळीची मूठ खंयच्या बाजूक आसता ता तरी इचारा!"

"काकी, हळू बोल गो," शेजारची सुमंगला म्हणाली. "ऐकतलो तो."

"ऐकांदे. तेच्यासाठीच वट्यार बसान बोलतंय, नायतर चुलीपुढे बोलले नसतंय?"

शंभू तिचा सख्खा पुतण्या. आई गेली तेव्हा सात वर्षांचा होता. तिथून लग्नापर्यंत काकीच्याच हातची पेज जेवून वाढला. म्हणून तर तिच्या जिभेला त्याच्या बाबतीत लगाम नव्हता.

आता धोंड्याची गोष्ट. इब्रामपूरच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत ही बारा घरांची वाडी. तुळशीचं लग्न झालं की घरटी एक माणूस बाजूच्या ओढ्यात, वहाळात उतरायचा आणि दोन कातळांच्या मधे, जिथे वहाळ अरुंद होतो तिथे, बांध घालायचा. ऐनाच्या डहाळ्या, दगड, पेंढा, वर चिखल. कंबरभर पाणी तुंबलं की ते बाजूच्या पाटाने सरळ वायंगणात, म्हणजे हिवाळी भाताच्या कुणग्यांत. जास्तीचं पाणी बांधाच्या तोंडावरून खाली पडायचं, आणि ते जिथे पडायचं तिथे बसवलेला असायचा तो काळा सपाट धोंडा. तो नसेल तर पडतं पाणी खालची माती खाणार आणि आठ दिवसांत बांध पाय वर करून पडणार. पावसाळ्यात पुराने सगळं वाहून जायचं, धोंडा मात्र जागच्या जागी. काकी लग्न होऊन आली तेव्हापासून तो तिथेच होता आणि तिच्या सासूनेही तेच सांगितलं होतं.

यंदा गोवा घटक राज्य झालं. सहा महिन्यांत वाडीखालच्या रस्त्यावर जीप आली. जीपमधून साहेब उतरला, चढण चढून वर आला, त्याने शंभूच्या घरच्या मेजावर नकाशा पसरला आणि कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून सगळ्यांना समजावलं.

"आपलं राज्य लहान आणि डोंगराळ. डोंगराळ भागासाठी आता खास योजना आहेत. तुमच्याकडे सिमेंटचा बंधारा होणार."

काकीने नकाशात डोकं घातलं. दुसरीपर्यंत शिकलेली, अक्षराला अक्षर लावून वाचणारी.

"ह्या तपकिरी काय?"

"तो डोंगर, आजी."

"आणि आमी खंय?"

"तुम्ही या ठिपक्यात."

"बाराय घरां? बरे मावलांव! आणि बंधारो खंय घालतलास?"

साहेबाने बोट ठेवलं. रस्त्याच्या मोरीपाशी. मोरी खाली, कुणगे वर, पाट त्यांच्याही वर.

"साहेबा, थंय कित्याक?"

"जीप तिथपर्यंतच येते, आजी. सामान उतरवायला सोयीचं."

"म्हणजे बंधारो जीपीक होयो. आणि पाणी डोंगर चडान वर कसा येतला? हात धरून हाडूचा?"

"पंप बसेल. दुसऱ्या टप्प्यात."

"आणि वीज?"

साहेब शंभूकडे बघायला लागला. वाडीत अजून एकही खांब नव्हता.

"काकी, तू गप ऱ्हव गो," शंभू कानाशी येऊन म्हणाला. "मोठी माणसां इली हत."

"मोठी हत ता दिसता माका. पोटाकडसून."

पण वाडीने शंभूचंच ऐकलं. त्याने घरोघर फिरून सांगितलं, की यंदा वहाळात कुणी कुदळ लावायची नाही. तुमचा बांध दिसला तर साहेब लिहील की इथे पाण्याची सोय आहे, आणि मंजुरी रद्द होईल. लोक घाबरले. भाताच्या रोपांचा तरवा तेवढा सगळ्यांनी पेरला होता, कारण पेरायची सवय हाताला असते, मंजुरीची वाट बघायची सवय अजून लागायची होती.

मग कोनशिला आली. बंधाऱ्याच्या आधी कोनशिला. त्यावर काय कोरावं यावरून पंचायतीत पंधरा दिवस भांडण झालं होतं. अर्धे म्हणाले मराठीत, अर्धे म्हणाले कोंकणीत, एकाने तर दुसऱ्याची गचांडी धरली. शेवटी इंग्रजीत कोरून आली, म्हणजे दोन्हीकडच्यांना सारखीच वाचता येऊ नये. मंत्री आले, पडदा ओढला, शहाळं प्यायले आणि गेले. त्याच्या आदल्या दिवशी कोनशिलेखाली चौथऱ्याला दगड हवा होता, म्हणून शंभूने वहाळातला काळा धोंडा उचलून नेला. यंदा बांध नाही, मग धोंडा कशाला, असा त्याचा हिशेब.

त्याला वीस दिवस झाले. मोरीपाशी बंधाऱ्यासाठी सिमेंटची एक पिशवी आली नाही. कुणग्यांतला तरवा वीतभर उंच होऊन पिवळा पडायला लागला. बायका विहिरीवरून घागरी आणून त्याच्यावर शिंपडत होत्या, तेवढ्याने तो फक्त जीव धरून होता. आणखी आठ दिवसांत रोपाला गाठ धरली असती. मग लावलं काय आणि बैलापुढे टाकलं काय. वायंगण गेलं म्हणजे चतुर्थीपर्यंत घरचा तांदूळ नाही आणि गुरांना पेंढा नाही.

सोमवारी सकाळी काकीने तरव्याची एक काडी उपटली, मुळाशी नखाने चाचपली आणि लुगड्याचा काष्टा घट्ट केला.

"सुमंगले, कुदळ घे."

"शंभू काय म्हणतलो गो?"

"शंभू म्हणतलो ता ऐकूक माका कान हत. खावक भात होयो."

सुमंगला कुदळ शोधेपर्यंत ती एकटीच वहाळात उतरली. पहिला दगड ठेवला तेव्हा काठावर दोन बायका होत्या, तिसरा ठेवला तेव्हा सात, आणि मग सातही खाली उतरल्या. पुरुष आपापल्या वट्यावर बसून वहाळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. दुपारपर्यंत डहाळ्या दाबल्या, पेंढा पसरला, बांध कंबरेएवढा उभा राहिला. राहिलं फक्त तोंड.

"आता धोंडो हाडूया," काकी म्हणाली. पहार, दोर आणि चार बायका घेऊन ती मोरीपाशी गेली. कोनशिला चौथऱ्यावर दिमाखात उभी होती. काकीने खाली वाकून धोंडा पाहिला आणि तशीच वाकलेली राहिली. धोंड्याचे दोन तुकडे झालेले होते.

गवंडी पांडुरंग रस्त्यावरून चालला होता. तिने त्याला नुसतं बोट दाखवलं.

"काकी, माझो काय दोष?" तो लांबूनच म्हणाला. "शंभून सांगल्यान, चौथरो चौकोनी होयो. मंत्री येतले, धोंडो वाकडो दिसता. म्हणान छिन्नी मारलंय."

"मारलंस? तुझ्या आज्यान पाणी पिलेला त्या धोंड्यार बसान!"

काकी धोंड्याच्या तुटलेल्या कडेवरून हात फिरवत राहिली. अर्ध्या धोंड्याने काम होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि वर बांधामागे पाणी चढत होतं.

मग काकीने मान वर केली. दोन हात लांब, हातभर रुंद, चार बोटं जाड. गुळगुळीत.

"पांडुरंगा, ह्यो फातर कसो आसा?"

"कोनशिला? ग्रॅनाईट. पुरात सुद्धा झिजूचो नाय." आणि मग त्याला समजलं. "अगो काकी!"

"पहार मार."

त्याने एक घाव घातला आणि शिला निखळून हातात आली. खाली सिमेंट कमी आणि रेती जास्त. "बघ, धोंडो फोडूक हात होते, सिमेंट घालूक नव्हते," काकी म्हणाली. दोराची झोळी करून चार बायकांनी ती वर नेली. अक्षरं खाली, गुळगुळीत पाठ वर अशी बांधाच्या तोंडाखाली बसवली. पाणी चढलं, काठोकाठ झालं, थोडं पाटात वळलं आणि उरलेलं शिलेवर पडून पुढे निघून गेलं. माती हलली नाही. पाटाच्या कडेने पाण्याची जीभ कुणग्यांकडे सरकायला लागली तशी सुमंगला तिच्यासोबत धावत सुटली.

तेवढ्यात मोटारसायकल टाकून शंभू धापा टाकत काठावर आला. त्याच्या मागून वट्यावरचे पुरुषही आले होते, आणि त्यातल्या दोघांनी तर येता येता कुदळी उचलल्या होत्या.

"काकी! शिळा खंय?"

"हयसर. पाण्याखाली."

"तेच्यार मंत्र्याचा नाव आसा गो! पोलीस येतले! उद्या साहेब येवन इचारलो, बंधारो खंय, तर मी काय दाखवू?"

"ह्यो दाखव."

"ह्यो सरकाराचो न्हय!"

"कसो न्हय? नाव घातलेला आसा खाली. वाचूचा तर साहेबान बुडी मारूची."

बायका हसल्या, पुरुषही हसले. शंभू तसाच उभा. इस्त्रीची पँट, हातात मोटारसायकलची किल्ली. बांधाच्या एका कडेने पाणी झिरपायला लागलं होतं आणि तिथे चिखल दाबायला कुणी नव्हतं. काकीने ते पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"शंभू, तुका मी वाढयलंय, म्हणान सांगतंय. तू वायट न्हय. तू बिनकामाचो. सरकाराचो फातर सुद्धा आज कामाक लागलो, वाडीत आता तूच एकटो ऱ्हवलंस. पँट वर कर आणि खाली उतर."