एका खेपेचा संसार

नवल पाटलाला जिनमध्ये कारकुनी लागून आठ दिवसही झाले नव्हते, तोच त्याने संसार कमी करायला घेतला.

सन तेहतीसचा वैशाख होता, अक्षय्य तृतीया नुकतीच सरली होती. नोकरी नंदुरबारला, आलेल्या कापसाची वजनं लिहायची. वाटणीचं शेत त्याने थोरल्या भावाकडे सोपवलं, पुखराजशेठच्या माडीखाली दोन खोल्या ठरवल्या आणि रनाळ्याच्या पारावर बसून जाहीर केलं, की आपण एका गाडीत, एका खेपेत जाणार. "दोन खेपा कसाले? संसार शे का बाजार?" जिनच्या पारशी मॅनेजरचा बंगला तो एकदा आतून बघून आला होता. तिथे एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या आणि बाकी सगळी नुसती फरशी. तेव्हापासून त्याला आपल्या घरातली जमीन दिसत नाही याचं दुःख होऊ लागलं. मॅनेजर एकटा जीव होता आणि त्याला भाऊबंद नव्हते, ही गोष्ट काही त्याच्या ध्यानात आली नाही. सातवी पास माणसाच्या ध्यानात मोठमोठ्या गोष्टी येतात, बारक्या तेवढ्या सुटतात.

कौसाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, सुरुवातीला अजिबात विरोध केला नाही. मोडकं सूप, तळ गेलेली टोपली, खाट केव्हाच जळाली तरी जपून ठेवलेले तिचे चार पाय, घासलेटचे पाच डबे, सगळं तिने आपल्या हाताने बाहेर काढलं. नवलची स्वतःची दोन काड्या मोडलेली छत्री, काच नसलेला कंदील आणि इयत्ता तिसरीपासूनची पुस्तकं मात्र घरातच राहिली, कारण ती 'कामाची' होती. कौसाबाईने तेही मुकाट्याने ऐकून घेतलं. बारा वर्षांच्या संसारात नवऱ्याशी कुठे भांडायचं आणि कुठे नाही, हे तिला चांगलं कळत होतं.

पण नवलची नजर फळीवरच्या भांड्यांकडे गेली, तेव्हा तिने कंबरेला पदर खोचला.

"भांडास्ले हात नका लावा," ती म्हणाली.

भांडी होती बेचाळीस. तांब्याची, पितळेची, आणि बहुतेक सगळी तिच्या लग्नातल्या आहेराची. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव आणि गाव ठोकलेलं. कौसाबाईला वाचता येत नव्हतं, पण कोणती परात मावशीची आणि कोणता तांब्या चुलत्याचा हे ती अंधारातसुद्धा हात लावून सांगायची. सगळ्यांत मोठा होता तो कोपर्लीचा हंडा. तो तिच्या भावाने, रेवजीने, दिला होता. आईबाप लहानपणीच गेले, रेवजीनेच तिला वाढवलं आणि लग्न लावून दिलं. तिचं माहेर म्हणजे रेवजी, दुसरं कोणी नव्हतं.

आणि तो रेवजी तीन वर्षं तिच्या दारात आला नव्हता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. भाऊ गाडी घेऊन न्यायला येतो. तीन वर्षांपूर्वी रेवजी असाच आला, गाडी सोडून ओट्यावर जेवायला बसला, आणि नवलने चार माणसांदेखत विचारलं, "पाव्हना, ह्या बैल शेतस का बोकड्या?" झालं! रेवजी ताटावरून उठला, आणि बहिणीला न घेताच गेला. पुढच्या आखाजीला कौसाबाईने पोरींना न्हाऊमाखू घालून, गाठोडं बांधून संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे पाहिलं. त्याच्या पुढच्या वर्षीही पाहिलं. तिसऱ्या वर्षी गाठोडं बांधलं नाही, पण पाहिलं मात्र. आता रनाळं सुटलं, की शहरातलं बिऱ्हाड भावाला कोण दाखवणार, ही एकच काळजी तिला खात होती. नवरा म्हणायचा, गाडीत जागा नाही. तिला वाटायचं, जागा नसेल तर मला ठेवा, हंडा न्या.

एवढं असूनही ती सोमवारी पोरींना घेऊन, शेजाऱ्याच्या गाडीतून, खोल्या सारवायला नंदुरबारला गेली. नणंदेकडे उतरली. दोन दिवस खपून तिने भिंती पोतारल्या, जमीन शेणाने सारवली, आणि ओली जमीन वाळेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिली. खोलीत काहीच नव्हतं. हाक मारली तर आपलाच आवाज परत येत होता. तिला ते आवडलं. मग नवऱ्याचं म्हणणं बरोबर निघतंय की काय या विचाराने तिला जरा रागही आला. पंधरा-वीस भांडी थोरल्या जावेकडे ठेवावीत, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. नवलने दोन दिवस दम धरला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

बुधवारी सकाळी पोरींना नणंदेकडेच ठेवून ती रनाळ्यात परतली, तेव्हा नवल दारातच उभा होता. परीक्षेत पहिला आल्यासारखा चेहरा.

"दख, घर कसं मोकळं व्हयनं!"

फळीवर नऊ भांडी होती. कौसाबाईने ती दोनदा पाहिली.

"बाकीना कथा गयात?"

"ज्यानं नाव, त्यानं घर!" नवल म्हणाला. ही युक्ती आपल्याला कशी सुचली याचं त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. "इकं नई, फेकं नई. एकेक नाव वाचं अन् ज्यानं त्याले धाडी दिधं. कोणी नाव ठेवाले नको. काल जालमसिंग गाडी लीसन पाच गावं फिरी उना."

"कोपर्लीना हंडा बी?"

"तोच तं सर्व्यास्मा मोठा व्हता! एकलाच अर्धी गाडी खाई जाता."

कौसाबाई खाली बसली. ओरडली नाही, आदळआपट केली नाही. ती ओरडली असती तर नवलला बरं वाटलं असतं.

"आहेर मांगे कवय धाडतस, मालूम शे तुमले?" तिने विचारलं.

"कवय?"

"पोर मरी गयी तं. नईतं नवरानी सोडी दिधी तं."

भांड्यावर काय ठोकलंय ते सगळं नवलने वाचलं होतं. जे ठोकलेलं नसतं आणि तरीही घरोघरच्या बायकांना पाठ असतं, ते कोणत्याही इयत्तेच्या पुस्तकात नव्हतं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तरी त्याने एक काडी धरून पाहिलीच. "पन मी निरोप धाडा व्हता ना! सांगं व्हतं, आम्ही शहरमा जाई ऱ्हायनूत, जागा नई म्हनीसन परत देवाले उनूत."

जालमसिंगला बोलावणं गेलं. हा त्यांचा जुना गडी, सातपुड्याकडचा, कमी बोलणारा. मागच्या अंगणात उभं राहून त्याने सगळं ऐकून घेतलं.

"चार गावले निरोप सांगा," तो म्हणाला. "कोपर्लीले कोणी नई व्हतं. दादर जवारीना खळावर व्हतात सर्वे. घरले कुलूप."

"मंग हंडा?"

"ओटावर ठेया."

"कसा ठेया?"

"उपडा. कुत्रं तोंड घाली म्हनीसन."

"अन् निरोप?"

"कोणले सांगू? कुलूपले?" जालमसिंग म्हणाला. मग जरा आठवून, "शेजारीन पानी ली उनी व्हती. पन अजून तीन गावं बाकी व्हतात. मी पिधं नई, निंघी उनू."

नवल आणि कौसाबाई एकमेकांकडे पाहू लागले. लेकीच्या सासरची गाडी, तिच्या आहेराचा हंडा ओट्यावर उपडा, आणि आणणारा माणूस मयताची खबर आणणाऱ्यासारखा पाण्याला न शिवता गेलेला. कोपर्लीची शेजारीण यातून काय समजायचं ते समजली असणार, आणि ते रेवजीला सांगताना तिने हात आखडता घेतला असेल असं मानायला काही कारण नव्हतं.

"आतेच्या आते गाडी जुप," नवल जालमसिंगला म्हणाला. पण अति शहाण्याला उशिरा सुचतं. गाडी जुंपायची वेळ आली नाही. गल्लीच्या तोंडाशी बायकांनी काढलेला गळा ऐकू आला.

"मन्ही गुनी ननीन वं!"

कौसाबाईने आवाज ओळखला. तिची भावजय धनुबाई. मयताला आलेल्या बायका वेशीपासून पदर तोंडावर ओढून रडत येतात, तशी ती येत होती, आणि मागे कोपर्लीच्या आणखी पाच-सहा जणी. "कसा मांडा करे वं! हात लावा तं फाटी जाये इतका पातळ!" कौसाबाई मागच्या दारात थबकली. आजवर या भावजयीने तिच्या पुरणाच्या मांड्याला चामडं म्हटलं होतं, घोंगडी म्हटलं होतं. माणूस मेल्याशिवाय त्याचे गुण कळत नाहीत म्हणतात, ते तिला जिवंतपणी ऐकायला मिळालं.

नवल पुढच्या दाराकडे धावला. त्याच्या धोतराचा सोगा कौसाबाईने मुठीत धरला.

"थांबा."

"अवं, तू जिवत शे हाई सांगाले नको?"

"थांबा जरासं."

कारण आता बायकांच्या मागून आणखी एक आवाज आला होता. रेवजीचा. पुरुषमाणूस असा चारचौघांत गळा काढत नाही, उपरण्यात तोंड लपवतो. रेवजी तर आडमुठा, गावात कोणापुढे न झुकलेला. तो ओट्याची कड धरून लहान पोरासारखा रडत होता.

"कौसा वं! मन्ही माय! तीन आखाज्या गाडी जुपीसन उनू वं! तुन्हा गावना नालापावत उनू! तठेच बसी ऱ्हायनू दिवसभर! कोणी बलावं नई म्हनीसन मांगे फिरनू! आग लागो मन्हा ताठाले!"

नवलने ते ऐकलं आणि त्याची मान खाली गेली. नाला घरापासून हाकेच्या अंतरावर होता. ज्या संध्याकाळी ही दारात उभी राहून रस्ता बघत होती, त्याच संध्याकाळी तो पलीकडे बाभळीखाली बसला होता. दोघांमध्ये फक्त नवलचा एक विनोद होता, आणि तो परत घ्यायला त्याला तीन वर्षांत सवड झाली नव्हती.

"जाऊ दे माले," तो हळूच म्हणाला. "तो रडी ऱ्हायना वं."

"रडू द्या," कौसाबाई म्हणाली. सोगा तिने सोडला नाही. "तीन वरीस मी रडनी, तवय कोणी धावनं नई."

तिने आणखी थोडं ऐकून घेतलं. लहानपणी तापात तिला खांद्यावर घेऊन तो कसा वैद्याकडे गेला, लग्नात हुंड्यापेक्षा हंडा मोठा दिला म्हणून धनुबाई कशी आठ दिवस बोलली नाही. (इथे धनुबाईचं रडणं क्षणभर थांबलं.) जिवंत माणसाला असं काही ऐकायला मिळत नाही. तिने ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं, डोक्यावर पदर घेतला आणि पुढच्या दाराने ओट्यावर आली.

पहिली किंकाळी धनुबाईचीच होती. दोन बायका मागच्या मागे गटाराच्या कडेला बसल्या. गल्लीतल्या शेजारणी, ज्या 'कौसाबाई तर सकाळीच उतरली गाडीतून' असं घोकत मघापासून वेड्यासारख्या उभ्या होत्या, त्या आता सगळ्या एकदम बोलू लागल्या. रेवजीने डोळ्यांवरचं उपरणं काढलं. बहिणीच्या पायांकडे पाहिलं, सावली पडलीय का ते पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं.

"तू जिवत शे?"

"तुले काय दिसस?"

"मंग हंडा का धाडा?" आता तो भडकला.

सगळ्या गल्लीने नवलकडे पाहिलं. नवलला मॅनेजरच्या बंगल्यातली फरशी, एका खेपेचा हिशोब, सगळं सांगता आलं असतं. त्याने टोपी काढली आणि हातात धरली.

"मन्ही चूक व्हयनी, पाव्हना," तो म्हणाला. "हंडानी बी, अन् तीन वरीस पयलेनी बी."

रेवजीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो एकटक बहिणीकडे पाहत होता, आणि लोक हसताहेत की काय या भीतीने पुन्हा ताठ व्हायचा प्रयत्न करत होता. कौसाबाईने त्याला ताठ होऊ दिलं नाही. ती ओट्यावरून खाली उतरली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"नालापावत उना, भाऊ. मंग पुढे काबरं नई उना?"

रेवजीने उपरणं खांद्यावर टाकलं. मग तो फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला.

"तवय तू जिवत व्हती ना. माले वाटे, पुढला वरीस शे."

इतका वेळ कौसाबाईच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता. आता ती होती तिथेच, गल्लीच्या धुळीत बसली, आणि अशी रडली की धनुबाईला आपलं अर्धं राहिलेलं रडणं पुरं करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. मयताला आलेली माणसं मेलेल्या बाईची समजूत काढताहेत आणि ती काही केल्या थांबत नाही, असं रनाळ्याने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.