देठाला धरून

द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये आक्काचा दरारा असा, की मुकादमसुद्धा तिच्याशी जपून बोले. "घड देठालाच धरायचा! वरची पांढरी भुकटी पुसली गेली की परदेशातलं गिऱ्हाईक नाक मुरडतं," असं ती नव्या पोरींना दटावायची. मणी चाखणारीला तर सगळ्यांदेखत फैलावर घ्यायची.

त्या दिवशी पेट्या भरून झाल्या आणि गिऱ्हाईकाने हात वर केले. इथल्या बाजारात द्राक्षांना कुत्रं विचारत नव्हतं. माल शेडमागच्या खड्ड्यात टाकायचं ठरलं. बाग आक्काच्या धाकट्या भावाची. तो दाराशी उभा होता.

पोरी पेट्या उपड्या करू लागल्या. आक्का मात्र एकेक घड देठाला धरून खड्ड्यात अलगद ठेवत होती.

"आक्का, टाकायचाच आहे ना माल?" मुकादम हळूच म्हणाला.

"तू तुझं काम बघ!" ती खेकसली.

शेवटचा घड तिने ओंजळीत घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवला. भुकटीखालून काळाभोर मणी चमकला. तो तोडून तिने भावाच्या तोंडात घातला.

"गोड आहे ना रे?"

त्याने मान डोलावली, आणि मग मात्र त्याला रडू आवरेना.