कानटोपीतला निवाडा

धाकट्या भावाला न्याय्य मागायचे असले की तो एकटा येतो आणि अन्याय्य मागायचे असले की मामाला पुढे घालून आणतो, हे विजयलक्ष्मीला आयुष्यभराच्या अनुभवाने ठाऊक झाले होते. म्हणून मार्गळी महिन्यातल्या त्या सकाळी शामसुंदराच्या पुढे पद्मनाभमामा दारात दिसताच तिने कॉफीचे आधण ठेवण्यापूर्वीच मनाशी कंबर कसली.

कुंभकोणातल्या महामहम तळ्याजवळच्या गल्लीतले वडिलांचे घर दोघांच्याही नावावर होते. लहानपणी पोलिओने डावा पाय गेलेल्या, कॅलिपर बांधून चालणाऱ्या मुलीला खालचा मजला आणि मुलाला वरचा, अशी वाटणी वडीलच करून गेले होते. आता शामसुंदराला खाली रेशमी साड्यांचे दुकान काढायचे होते. दारासुरमच्या विणकरांशी बोलणीही झाली होती. अक्काने वर जावे, आपण खाली यावे, एवढेच त्याचे म्हणणे. तिच्या सहीवाचून ते घडणार नव्हते.

"वर वारा किती छान, अक्का! गोपुरही दिसते."

"गोपुरासाठी मी जिना किती वेळा चढू?"

"चढशील गं हळूहळू. तुला कुठे गाडी पकडायचीय?"

मामांनी कानटोपी सावरली. कुंभकोणातली थंडी ती केवढी? पंखा थोडा हळू केला की भागते. पण मार्गळी लागली की मामांच्या डोक्यावर चढलेली लोकरीची कानटोपी पोंगललाच उतरे.

"बाळे, रागवू नको," ते समजुतीने म्हणाले. "देवाने हँडिकॅप केले, त्यात भावाचा काय दोष? तू तर कॉलेजात इंग्रजी शिकवतेस. हातात टोपी घेऊन भीक मागत, त्यावरूनच ना तो शब्द आला? उणे असेल त्याने हात पसरावा, देणाऱ्याने द्यावे. हा तर तुला अख्खा मजला देतो आहे!"

विजयलक्ष्मीने हातातला टंबलर असा आदळला की कॉफी टेबलावर सांडली.

"मामा, पाय माझा, घर माझे. निदान शब्द तरी खोटा सांगून माझ्या गळ्यात बांधू नका. त्याचा भिकाऱ्यांशी काडीचा संबंध नाही. तो अदलाबदलीच्या खेळाचा शब्द आहे. दोघांना वस्तूंची बदली करायची असे. तिसरा पंच दोन्ही वस्तू पारखून सांगे, की हलकी वस्तू देणाऱ्याने वर आणखी काय द्यावे. तिघेही टोपीत एकेक नाणे टाकत आणि मग ते दोघे टोपीत हात घालत, हँड इन कॅप. मंजूर असेल त्याने नाणे मुठीत धरून हात काढायचा, नसेल त्याने रिकामा. हातांचे मत जुळले, तर सगळी नाणी पंचाची; न जुळले, तर मंजुरी देणाऱ्याची. पुढे शर्यतीत सरस घोड्याच्या पाठीवर वजन लादू लागले, त्यालाही हाच शब्द लावला. सरस घोड्याच्या, मामा! माझ्या पायाशी तो फार उशिरा आणून बांधला."

"बरे, चुकले माझे," मामा पुटपुटले.

"चुकले म्हणून सुटका नाही. तुम्ही पंच होऊन आलात ना? मग व्हा पंच. टोपी काढा."

"अगं, थंडी बाधेल!"

"बाधू दे. आणि आधी माल पारखा. ही माझ्या उत्तरपत्रिकांची पिशवी. ती घेऊन जिना चढून या."

शामसुंदर हसला. "अक्का, हा काय पोरखेळ?"

"दुसऱ्याच्या पायाने जिना चढणे हाच पोरखेळ, शामू. तू तो मांडून आलास."

मामा गेले. दगडी पायऱ्या उंच, वळण अरुंद आणि धरायला कठडा नाही. वरून त्यांचे धापा टाकणे खाली ऐकू येत होते. परतले तेव्हा त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि बराच वेळ गुडघे चोळले.

"कठडा पाहिजे," ते म्हणाले. तिने नुसते पाहिले. "नाही, कठड्याने भागायचे नाही. मागच्या अंगणातून लिफ्ट, शामूच्या खर्चाने. ती चालू होईपर्यंत ही खालीच राहील. हा माझा निवाडा."

"लिफ्ट?" शामसुंदर उठून उभा राहिला. "दुकानापेक्षा लिफ्टच महाग पडेल! मामा, मी तुम्हाला कशाला आणले होते? कोण येते-जाते हिच्याकडे? एका बाईला, तीही अशी, दोन खोल्या पुष्कळ झाल्या. एका पायासाठी लिफ्ट!"

विजयलक्ष्मीचे कान तापले. इतकी वर्षे हे वाक्य या घरात कुठेतरी आहे, हे तिला जाणवत आले होते. आज ते चपला घालून तिच्याच दिवाणखान्यात येऊन उभे राहिले होते.

"अशी म्हणजे कशी, ते नंतर सांग," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच शामसुंदर खाली बसला. "आधी नाणे टाक."

कानटोपीत तीन नाणी पडली. मामांनी टोपी दोघांमध्ये धरली. लोकरीत भावाबहिणीचे हात एकमेकांना लागले आणि दोघांनीही आपापला हात आक्रसून घेतला.

"काढा," मामा म्हणाले.

तिच्या तळहातावर नाणे होते. त्याचा हात रिकामा होता.

"म्हणजे तू जायला तयार होतीस?" शामसुंदर चकित होऊन म्हणाला.

"होते. लिफ्ट दिली असतीस, तर उद्याच सही केली असती. तुझे दुकान व्हावे, असे मलाही वाटत होते, गाढवा!" आता मात्र तिचा आवाज फाटला. "बदली तू मागितलीस आणि किंमत बरोबर लागली तेव्हा तूच नको म्हणालास. मी नव्हे."

"आपण पुन्हा बसू, अक्का. कठड्याचे बघू…"

"पुन्हा बसायचे नाही. खालचा मजला माझा आहे आणि माझाच राहील. मामा, टोपी उलटी करा. नाणी माझी."

मामांनी टोपी उलटी केली. शामसुंदराचे नाणे तिने वेगळे निवडून मुठीत घट्ट आवळले, इतके की त्याची कड तळहाताला रुतली, आणि तो जिना चढून वर जाईपर्यंत ती मूठ सोडली नाही.