विहारातली मुलाखत

प्रगतीनं मुलाखतीची गोष्ट फक्त आईच्या कानावर घातली होती. पण आईच्या, म्हणजे भागीरथाबाईच्या, कानावर घालणं म्हणजे अख्ख्या बाजारहत्नूर गावाला दवंडी देणंच.

प्रगती हैदराबादेत संगणकशास्त्रात पीएचडी करत होती. सरकारी फेलोशिपची पहिली दोन वर्षं संपली होती. पुढची तीन मिळवायची तर तिघांच्या समितीसमोर काम मांडायचं होतं, तेही ऑनलाइन, आणि तारीख नेमकी ती गावी आल्यावरच निघाली. घरात नेट रडायचं, म्हणून लॅपटॉप घेऊन ती बुद्धविहारात बसली. तिथल्या अभ्यासिकेचं कनेक्शन तेवढं धड होतं.

समिती पडद्यावर येते न येते तोच मागे पावलं वाजली. वळून बघते तर वस्तीतल्या दहा-बारा बाया, सगळ्या पांढऱ्याशुभ्र साड्या नेसून, पौर्णिमेच्या वंदनेला बसावं तशा सतरंजीवर ओळीनं बसत होत्या.

"माय, हे काय वं?" प्रगती पुटपुटली.

"पोरगी सरकारापुढं एकटी कशी बसन?" भागीरथाबाई म्हणाली. "आमी नाई बोलत. तू बोल."

अध्यक्षांनी चष्मा सावरत इंग्रजीत विचारलं, मागे काही कार्यक्रम आहे का? असेल तर पार्श्वभूमी धूसर करा. प्रगतीनं बटण दाबलं. पडद्यावरून आई गेली, शेजारची सोजरबाई गेली, नुसता पांढरट धूर उरला. तिला फार वाईट वाटलं, पण करते काय?

मग ती बोलली. थोडक्या उदाहरणांवरून यंत्राला शिकवायचं कसं, यावर तिनं दोन वर्षं डोकं फोडलं होतं. प्रयोगशाळेत ज्याचं त्याला पडलेलं, मार्गदर्शक सदा दौऱ्यावर. आज तरी कुणी खोदून विचारेल, या आशेवर तिनं उत्तरांची जय्यत तयारी केली होती. समितीतल्या दोघांचे कॅमेरे बंदच होते. अध्यक्षांनी विचारलं ते एवढंच, की शोधनिबंध किती छापून आले? मग म्हणाले, ठीक आहे, मुदतवाढीची शिफारस करतो. संपलं.

"साधु, साधु, साधु!" वंदनेच्या शेवटी म्हणतात तसं बाया एका सुरात म्हणाल्या.

प्रगती हसली खरी, पण तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. आणखी तीन वर्षं तीच खोली आणि तेच एकटेपण. हवं ते मिळालं होतं, आणि त्याबद्दल दोन शब्द बोलावेत असं माणूस अख्ख्या जगात नव्हतं.

"आता आमाले सांग," भागीरथाबाई पुढे सरकली. "कायचं शिकून राह्यली तू? त्यायले सांगतलं ते सांग."

बायाही पुढे सरकल्या. कुणालाच घाई नव्हती. तिचं काम ऐकायला असं कुणी कधी बसलंच नव्हतं. प्रगतीनं तोंड उघडलं. तिच्या कामाचा शब्द न् शब्द इंग्रजी होता. आईला कळेल असा एकही तिनं कधी शोधला नव्हता.

"कॉम्प्युटरचं, माय," ती कशीबशी म्हणाली.

"कॉम्प्युटरचं हाय!" आईनं मागे वळून अभिमानानं सांगितलं, आणि बाया समाधानानं उठून आपापल्या घरी निघाल्या.