सावलीची नजर

मानसोपचार शिकायला आलेल्या नव्या विद्यार्थ्यांना आमच्या अलेक्झांड्रियात आधी पुस्तकं मिळतात, माणूस मिळत नाही. माणूस बघायचा तर एखाद्या जाणत्या डॉक्टरची सावली होऊन खोलीत बसावं लागतं. सावल्या पुष्कळ, डॉक्टर थोडे. डॉक्टर इन्शिराह यांच्याकडे अशी एकच खुर्ची होती, कोपऱ्यात, कुंडीच्या मागे. तिच्यासाठी पोरं जेवढा वशिला लावत, तेवढा सोयरिकीसाठीही लावत नसत.

निहालला ती वशिल्याशिवाय मिळाली. म्हणजे वशिल्याचा रामिझ पहिल्याच आठवड्यात बाहेर पडला होता. एका पेशंटला तो मध्येच म्हणाला होता, "काका, माझंही अगदी असंच होतं हो."

"नियम सोपा आहे," इन्शिराहबाईंनी निहालला सांगितलं. "तू खोलीत नाहीस. बोलायचं नाही, मान डोलवायची नाही, डोळ्यांत पाणी आणायचं नाही. तोंड उघडलंस की खुर्ची गेली."

"शिंक आली तर?"

"गिळायची."

हा नियम बाईंनी परदेशातून शिकून आणला होता. तिकडे म्हणे गप्प बसलेला माणूस नुसता गप्प बसलेला असतो.

खुर्ची गेली तर पुढल्या वर्षी प्रत्यक्ष काम मिळणार नव्हतं. आणि निहालचे मामा आपल्या औषधाच्या दुकानात गल्ल्यामागचं स्टूल पुसून तिची वाट बघत होते. त्यामुळे निहाल अशी बसायची की कुंडीतलं झाड तिच्यापेक्षा जास्त हलायचं.

मंगळवारी सबरीन आली. अन्फुशीच्या कोळीवाड्यातली. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला मुलगा झाला होता. त्याचं नाव तिनं शह्हात ठेवलं होतं, म्हणजे भिकारी; भिकाऱ्याकडे कोण कशाला वळून बघेल? एवढ्यावरही तिचं समाधान नव्हतं. ती झोपत नव्हती, मूल कापडाखालून काढत नव्हती. सासूला नातवाचा फक्त पाय पाहायला मिळाला होता, तोही मोज्यातला. एका तरी परक्या माणसासमोर कापड बाजूला करायचं, एवढंच बाई कितीतरी दिवस तिच्याकडे मागत होत्या. कोपऱ्यात विद्यार्थिनी बसली तर चालेल का, असंही त्यांनी रीतसर विचारलं होतं.

"बसू दे की बिचारी. खुर्चीला काय भाडं पडतंय?"

आणि त्या दिवशी सबरीननं खरंच कापड काढलं. रव्याच्या गरम बसबूसावर पाक ओतावा तशी त्या पोराच्या गालांवर तकाकी होती.

"माशाअल्ला," बाई म्हणाल्या.

सबरीननं कोपऱ्याकडे पाहिलं. निहाल बाळाकडे बघत होती. तिनं नियम मनापासून पाळला. पापणीसुद्धा हलवली नाही.

सबरीन थांबली. अजून थांबली. लेकराकडे टक लावून बघायचं आणि तोंडातून देवाचं नाव काढायचं नाही, याला आमच्याकडे शिक्षण म्हणत नाहीत, दृष्ट लावणं म्हणतात.

"हिला काय झालंय?"

"ती शिकतेय. तिनं बोलायचं नाही, असा नियम आहे."

"देवाचं नाव पण नाही घ्यायचं? कुठली हो ही शाळा?" सबरीननं पोर गुंडाळलं, पिशवी उचलली. "माझी सासू बोलून बोलून जीव खाते. पण गप्प राहून नाही हो खाल्लं तिनं कुणाला. चल रे शह्हात."

बाई अर्धवट उठल्या. "सबरीन, तुम्हाला आत्ता जी भीती वाटतेय ती—"

"ती ना? ती बघा, तिथं बसलीय!"

सबरीनचा हात दाराच्या मुठीवर होता. ती गेली असती तर परत आली नसती. कापडही पुन्हा निघालं नसतं. निहालला मामांचं स्टूल स्वच्छ दिसलं.

"माशाअल्ला," ती म्हणाली. तेवढ्यानं भागणार नाही हे सबरीनच्या पाठीवरूनच कळत होतं. मग निहालच्या तोंडून तिची आजीच बोलायला लागली. "काय मेलं ध्यान हे! नाक आहे का वांगं? कुठून उचलून आणलंत हे माकड?"

सबरीन वळली.

"कान बघितलेस?" तिनं विचारलं.

"नाही दिसले."

ती सरळ कोपऱ्यात आली, कुंडी पायानं सरकवली आणि स्वतःच कापड काढलं. "हे बघ. बापावर गेलेत. सुपाएवढे."

"शी!" निहाल अगदी मनापासून म्हणाली.

सबरीन हसली. पोर तिनं निहालच्या मांडीवर ठेवलं आणि आपल्या जागेवर येऊन बसली. रिकामे हात कुठं ठेवावेत ते तिला थोडा वेळ कळेना.

"याच्या आधी एक होती," ती म्हणाली. "तिला सगळे सुंदर म्हणाले होते."

हे तिनं या खोलीत आजवर सांगितलं नव्हतं. बाई काही बोलल्या नाहीत. यावेळी गप्प बसणं बरोबर होतं.

सबरीन गेल्यावर निहालनं आपली पिशवी खांद्याला लावली. "येते, डॉक्टर."

"खुर्ची गेली," बाई म्हणाल्या. "ती कुंडीमागची. पुढच्या मंगळवारी इकडे घे, तिला तुझं तोंड दिसेल अशी."

"आणि बोलायचं?"

"अजिबात नाही."

निहाल दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "तिनं कापड काढलं तर?"

बाईंनी गार झालेला चहा ढवळला. परदेशात याचं उत्तर कुणी शिकवलं होतं का, ते आठवून पाहिलं.

"नाकाचं बोलून झालंय," त्या म्हणाल्या. "आता पायांना नावं ठेव."